सहावा मणी

रोवणी आटोपली असेल, कंबर अजून बोलत असेल. भांडी आवरून रेडिओजवळ बसलेल्या सगळ्या ताया, मावश्या, आणि आतल्या खोलीतून कान देऊन ऐकणाऱ्या सुना, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी बचत गटांची समन्वयक. एरवी या कार्यक्रमात मी कर्जाचे हप्ते, ग्रामसंघाची रजिस्टरं, बँकेची कागदपत्रं यांबद्दल बोलते. आज रक्ताबद्दल बोलणार आहे. मी डॉक्टर नाही. बीए झाले ते मराठी आणि समाजशास्त्र घेऊन. विज्ञान दहावीनंतर सुटलं ते सुटलंच. पण गेल्या वर्षी आमच्या एका गटात असं काही घडलं, की मला ते पुस्तक पुन्हा उघडावं लागलं. ज्या दोघींची ही गोष्ट आहे, त्यांना विचारूनच सांगते आहे. नाव-गाव मात्र सांगणार नाही.

त्या गटात एक सासू आणि तिची सून, दोघी सभासद. सुनेला मुलगा झाला. चांगला गुटगुटीत. बारसं झालं, गटात पेढे वाटले. मूल सात महिन्यांचं असताना ती आठ दिवस माहेरी जाऊन आली. परत आल्यावर चार दिवसांत लेकराचे हाताचे पंजे आणि पावलं सुजली. हात लावला की किंचाळायचं. रात्रभर रडायचं. आधी नजर काढली, मग अंगारा झाला, मग दवाखाना. रक्त तपासलं तर सिकलसेल निघाला. रिपोर्टवर लिहिलं होतं 'एस-एस'. आईचं रक्त तपासलं, तिचं आलं 'ए-एस'. कागद हातात मिळाला, पण त्याचा अर्थ कुणी बसून समजावला नाही.

पुढच्या मासिक सभेत सासू सगळ्यांसमोर म्हणाली, "लेकरू चांगलं होतं. माहेरी नेलं अन् बिघडवून आणलं. आमच्या घरात असं कोणालेच नाही. हिच्याच रक्तात खोट आहे." सून खाली मान घालून हप्त्याच्या नोटा मोजत राहिली. पुढच्या आठवड्यात तिला लेकरासकट माहेरी पाठवलं. दोन महिने तिचा हप्ता आला नाही. नवऱ्याचं दुसरं लग्न करायची कुजबुजही माझ्या कानावर आली.

मला दोन प्रश्न पडले. जन्मतः चांगलं असलेलं लेकरू सातव्या महिन्यात कसं बिघडलं? आणि हा आजार खरंच एकट्या आईकडून येतो का? मी उपकेंद्राच्या सिस्टरकडे गेले, ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टर मॅडमना भेटले, भाचीचं बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक आणून वाचलं. त्यातून जे समजलं, ते आपल्या भाषेत सांगते.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. पेशी म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एक छोटंसं घर समजा. बहुतेक पेशींच्या आत एक पेटी असते, तिला केंद्रक म्हणतात. त्या पेटीत ४६ वह्या असतात. २३ आईकडून आलेल्या, २३ वडिलांकडून. म्हणजे प्रत्येक वहीची जोडी. एक आईची, एक बापाची. या वह्यांतल्या लिखाणाला डीएनए म्हणतात. आपल्या मराठीत किती अक्षरं, काना, मात्रा, वेलांटी! तिथे फक्त चारच अक्षरं आहेत: ए, टी, जी आणि सी. पण आईकडून आलेल्या २३ वह्यांतच सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. वडिलांकडच्याही तेवढीच.

या वह्यांत इतर बरंच काही आहे, पण आपल्या कामाचं आहे ते म्हणजे प्रथिनं कशी बनवायची याच्या सूचना. एका सूचनेच्या मजकुराला जनुक म्हणतात.

प्रथिनं म्हटलं की आपल्याला अंगणवाडीताई आठवते. डाळ खा, अंडी खा, शेंगदाणे खा. पण खाल्लेल्या डाळीतलं प्रथिन जसंच्या तसं आपल्या रक्तात जाऊन बसत नाही. जुनी पोत तुटली की आपण मणी वाटीत गोळा करतो आणि पुन्हा नवी ओवतो ना, तसं आहे. पोटात प्रथिनं सुटी होतात, त्यांचे मणी वेगळे होतात. या मण्यांना ॲमिनो आम्लं म्हणतात. ती २० प्रकारची आहेत. हे मणी रक्तातून पेशींपर्यंत पोचतात आणि प्रत्येक पेशी तिला हवी तशी माळ ओवते. कुठला मणी आधी, कुठला नंतर, हे त्या वहीत लिहिलेलं असतं.

आता हे काम कसं चालतं ते बघा. आपल्या गटाची ठराव-वही आपण कुणाच्या हातात देत नाही. ती पेटीत असते. बँकेला ठराव हवा असेल तर आपण तेवढ्याच पानाची नक्कल करून देतो. पेशीही तसंच करते. मूळ वही पेटीतून बाहेर येत नाही. लागणाऱ्या सूचनेची नक्कल होते आणि ती नक्कल पेटीबाहेर जाते. तिला संदेशवाहक आरएनए म्हणतात. नकलेत एक छोटा फरक असतो, टी या अक्षराच्या जागी यू लिहिलं जातं. बाकी मजकूर तोच.

पेटीबाहेर माळ ओवणाऱ्या बसलेल्या असतात. एकेका पेशीत त्या लाखांनी असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. ओवणारी ती नक्कल हातात घेते आणि तीन-तीन अक्षरं वाचत जाते. तीन अक्षरांचा एक शब्द, एका शब्दाचा एक मणी. चार अक्षरांतून तीन-तीन अक्षरांचे ६४ शब्द तयार होतात. त्यातले ६१ मण्यांचे आहेत आणि तीन शब्दांचा अर्थ एकच, 'थांब, माळ पूर्ण झाली'. मणी आणून देणाऱ्या मदतनीसही असतात. प्रत्येक मदतनिशीच्या एका हातात मणी आणि दुसऱ्या हातात तीन अक्षरांची खूण. नकलेतल्या शब्दाशी खूण जुळली तरच तिचा मणी घेतला जातो. एक मणी ओवला, पुढचा शब्द. दुसरा ओवला, पुढचा शब्द. सेकंदाला साधारण पाच मणी या वेगाने. आपण पापड लाटतो त्याहून कितीतरी भरभर.

माळ पूर्ण झाली की ती सरळ लोंबत राहत नाही. तिच्यातले काही मणी पाण्याकडे ओढ घेणारे असतात, काही पाण्यापासून लपणारे. त्यामुळे माळ वळते, दुमडते आणि तिला ठरावीक आकार येतो. त्या आकारावरच तिचं काम अवलंबून असतं.

ही भाषा उलगडणाऱ्यांत आपल्याच मातीतला एक माणूस होता, हे वाचून मला फार बरं वाटलं. डॉ. हरगोविंद खुराना. अखंड पंजाबातल्या रायपूर नावाच्या खेड्यात त्यांचा जन्म झाला. आज ते गाव पाकिस्तानात आहे. शंभरेक वस्तीचं गाव, वडील पटवारी. त्या गावात लिहिता-वाचता येणारं जवळजवळ त्यांचं एकच घर. पहिले धडे त्यांनी झाडाखाली बसून गिरवले. कुठल्या तीन अक्षरांचा कुठला मणी, हे शोधण्याच्या कामासाठी १९६८ साली त्यांना आणखी दोन शास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे २००९ साली रायबोसोमची रचना कशी असते हे शोधल्याबद्दल तिघांना नोबेल मिळालं. त्यात तमिळनाडूत जन्मलेले वेंकी रामकृष्णन होते आणि इस्रायलच्या आदा योनाथ या बाईही होत्या.

आता सिकलसेलकडे येते. आपल्या तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. गरोदरपणात सिस्टर बोट टोचून तपासते तेच. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम त्याचं. हिमोग्लोबिन चार माळा मिळून बनतं. दोन माळा १४१ मण्यांच्या, त्यांना अल्फा म्हणतात. दोन माळा १४६ मण्यांच्या, त्या बीटा. बीटा माळेची सूचना ११व्या क्रमांकाच्या वहीत असते.

सिकलसेलमध्ये बिघाड कुठे आहे? या बीटा माळेच्या सूचनेत सहाव्या मण्याचा शब्द आहे 'जी-ए-जी'. त्याचा मणी ग्लुटामिक आम्ल. सिकलसेलमध्ये त्या जागी 'जी-टी-जी' लिहिलेलं असतं. ए च्या जागी टी. एवढंच. मग ओवणारी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन नावाचा मणी ओवते. १४६ पैकी एक मणी बदलला. बाकी सगळे मणी जागच्या जागी आहेत.

एका अक्षराने एवढं काय होतं, असं वाटेल. आपल्या गटाला शाळेच्या कार्यक्रमाच्या स्वयंपाकाची ऑर्डर मिळाली आणि चिठ्ठीवर लिहिलं, 'पाच किलो पीठ'. नक्कल करणारीने मूळ वहीत जसं होतं तसंच उतरवलं, पण मूळ वहीतच कुणाच्या हातून 'पाच किलो मीठ' लिहिलं गेलं होतं. एकच अक्षर. करणाऱ्या बाईने चिठ्ठीप्रमाणे इमानदारीने काम केलं. जेवण मात्र कुणाच्या घशाखाली उतरणार नाही.

इथेही तसंच होतं. ग्लुटामिक आम्लाचा मणी पाण्यात रमणारा. व्हॅलिनचा मणी पाण्यापासून लपणारा. हिमोग्लोबिनने प्राणवायू सोडला की हे लपणारे मणी शेजारच्या हिमोग्लोबिनला जाऊन चिकटतात. एकाला एक चिकटून लांब काड्या तयार होतात. एरवी गोल आणि मऊ असणारी तांबडी पेशी त्या काड्यांमुळे ताणली जाते आणि वाकडी, टणक होते. आपल्या धान कापायच्या विळ्यासारखी. इंग्रजीत विळ्याला सिकल म्हणतात, पेशीला सेल. नाव तिथूनच आलं.

या विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे रक्त पोचत नाही म्हणून असह्य दुखतं, सूज येते. लहान बाळांत बहुधा हात-पायच आधी सुजतात. शिवाय चांगली तांबडी पेशी साधारण १२० दिवस टिकते आणि ही विळ्यासारखी पेशी १० ते २० दिवसांतच संपते. म्हणून अंगात रक्त कमी पडतं, डोळे पिवळे दिसतात, मूल लवकर थकतं.

आता माझा पहिला प्रश्न. लेकरू जन्मतः चांगलं कसं होतं? याचं उत्तरही वहीतच आहे. पोटात असताना बाळ बीटा माळ जवळजवळ वापरतच नाही. त्यासाठी वहीत वेगळं पान आहे, गर्भातल्या हिमोग्लोबिनचं. त्या पानावर चूक नाही. बाळ जन्मल्यावर हळूहळू ते पान बंद होतं आणि बीटाचं पान उघडतं. चार-सहा महिन्यांत बहुतेक हिमोग्लोबिन बीटा माळेचं होतं. मगच चूक बाहेर दिसू लागते. म्हणजे ते लेकरू माहेरी गेलं म्हणून आजारी पडलं नाही. कुठेही असतं तरी त्याच सुमारास पान उलटणार होतं. नजर नाही, माहेरचं पाणी नाही, आईने खाल्लेलं दही नाही.

दुसरा प्रश्न. प्रत्येक वहीची जोडी असते, हे मी आधी सांगितलं. बरोबर सूचना असलेल्या पानाला 'ए' म्हणूया, चूक असलेल्याला 'एस'. दोन्ही पानं बरोबर असली की 'ए-ए'. एक बरोबर आणि एक चूक असलं की 'ए-एस'. अशा माणसाला वाहक म्हणतात. त्याच्या पेशींत दोन्ही प्रकारच्या माळा ओवल्या जातात, बरोबर माळा पुरेशा असतात, म्हणून तो सहसा ठणठणीत असतो आणि त्याला पत्ताही नसतो. दोन्ही पानं चुकीची असली तरच 'एस-एस', म्हणजे आजार.

त्या लेकराचा रिपोर्ट होता 'एस-एस'. एक 'एस' आईचा. मग दुसरा कुठून आला? बापाकडूनच येणार. दुसरा रस्ताच नाही. बापाचं रक्त तपासायच्या आधीच लेकराच्या कागदावर उत्तर लिहिलेलं होतं. आणि बापाला ते पान त्याच्या आई किंवा वडिलांकडून आलेलं.

हे समजल्यावर मी सिस्टरला घेऊन त्या सासूकडे गेले. काळ्या मण्यांची वाटी आणि दोरा घेऊन ओट्यावर बसलो. सिस्टरने मणी ओवून दाखवले. सहाव्या जागी लाल मणी घातला. सासू बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माह्यं रक्त घ्या." तिच्या मुलानेही त्या दिवशी पहिल्यांदा बोट पुढे केलं. पुढची तपासणी होऊन कागद आले, दोघंही 'ए-एस'. साठीला आलेली ती बाई, आयुष्यभर शेतात राबलेली, तिला कधी काही झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे म्याच देलं त्याले." सिस्टर म्हणाली, "मावशी, तुम्ही नाही दिलं. तुमच्याकडेही कुणाकडून तरी आलंच ना." दुसऱ्या दिवशी मावशी स्वतः बस धरून सुनेला आणायला गेली. पुढच्या सभेत दोघी शेजारी बसल्या. मागचे दोन्ही हप्ते मावशीने भरले.

मैत्रिणींनो, ही चूक कुणाच्या पापाने झालेली नाही. हजारो वर्षांपूर्वी कुणाच्या तरी वहीत एक अक्षर बदललं आणि नकलेमागून नक्कल होत ते आपल्यापर्यंत आलं. ते टिकून राहिलं त्यालाही कारण आहे. एकच 'एस' असलेल्या लेकरांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून जिथे जुन्या काळापासून मलेरिया, तिथे सिकलसेल जास्त. आफ्रिकेत आहे, आणि आपल्या देशात मध्य भारताच्या जंगलपट्ट्यात आहे. महाराष्ट्रात गडचिरोली, चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंत आहे. हा आजार शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, शेजारी झोपल्याने होत नाही.

आता करायचं काय ते सांगते. तपासणी करा. २०२३ साली केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. त्यात जास्त प्रमाण असलेल्या भागांत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. आशाताईला विचारा. पहिल्या तपासणीला बोटातलं थेंबभर रक्त पुरतं. त्यात दोष दिसला तर 'ए-एस' की 'एस-एस' हे ठरवायला पुढची तपासणी करावीच लागते. ती अर्धवट सोडू नका. आणि कागद हातात आला की अर्थ विचारल्याशिवाय उठू नका.

लग्न जमवताना पत्रिका बघता, तसा हा कागदही बघा. दोघांपैकी एक 'ए-ए' असेल तर मुलांना 'एस-एस' होत नाही. 'ए-एस' पोरीचं किंवा पोराचं लग्न मोडायचं काहीच कारण नाही. दोघंही 'ए-एस' असतील तर मात्र प्रत्येक गरोदरपणी चारात एक शक्यता 'एस-एस'ची, दोन 'ए-एस'ची, एक 'ए-ए'ची. प्रत्येक वेळी नव्याने. पहिलं लेकरू आजारी झालं म्हणजे पुढची तीन चांगली, असा हिशोब नसतो. अशा जोडप्याने मूल राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावं. दिवस गेलेले असतील तर पहिल्या तीन महिन्यांतच मोठ्या रुग्णालयात विचारावं, पोटातल्या बाळाची तपासणी होऊ शकते.

घरात 'एस-एस' मूल असेल तर त्याला भरपूर पाणी पाजा, थंडीपासून जपा, लसी चुकवू नका. ताप आला, छातीत दुखलं, श्वास लागला, पोटात डाव्या बाजूला एकाएकी फुगवटा आला किंवा तोंड-हातपाय वाकडे झाले तर सकाळची वाट बघू नका. रक्त कमी दिसलं म्हणून मनानेच लोहाच्या गोळ्या चालू करू नका. इथे बहुतेक वेळा लोहाची कमी नसते, सूचनेत चूक असते. पण गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय आपल्या गोळ्या बंदही करू नयेत. हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध डॉक्टर देतात. ते काय करतं माहीत आहे? गर्भातल्या हिमोग्लोबिनचं ते बंद झालेलं पान थोडं पुन्हा उघडतं. त्यामुळे दुखण्याचे झटके कमी होतात. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचं, आणि बरं वाटलं म्हणून मधेच सोडायचं नाही. आणखी एक, २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. कागदपत्रांना अडचण आली तर गटाला सांगा, ते काम आपल्याला येतं.

माझंही सांगते. मीही त्याच दिवशी बोट पुढे केलं. मी 'ए-एस' आहे. लग्नाला बारा वर्षं झाली, दोन मुलं आहेत, आणि मला माहीतच नव्हतं. नवरा 'ए-ए' निघाला म्हणून निभावलं. मुलं मोठी होतील तेव्हा त्यांना सांगायला हवं, म्हणून कागद रेशन कार्डाच्या पिशवीत जपून ठेवला आहे.

पुढच्या मासिक सभेत हप्ते गोळा झाले की एक विषय वाढवा. आपल्यापैकी कितीजणींची तपासणी झाली, ते इतिवृत्तात लिहा. ज्यांची झाली नाही त्यांचा दिवस ठरवा. आणि नवऱ्यांनाही घेऊन जा. वही दोघांची आहे.

तो मुलगा आता अंगणवाडीत जातो. अधूनमधून दुखतं, पण औषध चालू आहे. परवा आजीच्या मांडीवर बसून तिच्या पोतीचे मणी मोजत होता.

नमस्कार.